घरून काम: लवचीकता नेमकी कोणाची?

'घरून काम आणि कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य' हा विषय घेणारे बरेच जण सुरुवात थेट २०२० च्या लॉकडाऊनपासून करतात. तुम्हीही तसंच ठरवलं असेल, तर आधी थोडं मागे जाऊन बघा. प्रश्नच बदलतो.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आधी घेऊ. २०१०-११ मध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरवर नऊ महिने प्रयोग केला. स्वतःहून तयार झालेल्यांपैकी २४९ जण पात्र ठरले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे आकडे सगळे देतात. अटी मात्र फारसं कोणी सांगत नाही. घरी स्वतंत्र खोली हवी होती. आठवड्यातला एक दिवस ऑफिसमध्ये जायचंच होतं. शिफ्टच्या वेळा त्याच होत्या. म्हणजे जागा बदलली, वेळ नाही! आणि वाढीचा मोठा भाग आला तो कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीतून. पुढे पुन्हा निवडायची मुभा दिल्यावर निम्म्याहून अधिक जणांनी आपली निवड बदलली. ऑफिसात परतण्यामागे एकटेपणा हे मोठं कारण होतं.

आता आपल्याकडचं, त्याहून कितीतरी जुनं घरकाम बघा. सोलापूर, सिन्नर इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. तेंदूपान, तंबाखू, दोरा घरी आणायचा आणि विड्या मोजून द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर. पानं भिजवण्या-कापण्याचा वेळ वेगळा मोजलाच जात नाही. स्वतंत्र खोली कुठली? स्वयंपाक, मुलं आणि तंबाखूची धूळ एकाच ठिकाणी.

१९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही 'कर्मचारी' मानलं. हे मोठं पाऊल होतं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला. पण त्यातलं १७ वं कलम नीट वाचा. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती ती कामाच्या आवारापुरती. घरातल्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती.

म्हणून प्रश्नावली करताना 'घरून काम केल्यानं बरं वाटतं का?' एवढ्यावर थांबू नका. घरून काम करायचं हे कोणी ठरवलं? तास कोण मोजतं? जागेचा, विजेचा खर्च कोणाचा? नको वाटलं तर परत जाता येतं का? शांघायच्या कर्मचाऱ्याला परत जायला ऑफिस होतं. विडी वळणाऱ्या बाईला बहुतेकदा तो पर्यायच नसतो. दोघांच्या कामाला आपण 'लवचीक' हा एकच शब्द लावला, तर स्वास्थ्याबद्दलचे आपले निष्कर्ष चुकणारच.