किशोरवयातील मौखिक आरोग्य आणि चयापचय

किशोरवयातील (१० ते १९ वर्षे) दात व हिरड्यांचे आरोग्य आणि शरीरातील चयापचय यांचा परस्परसंबंध हा दंतवैद्यक व बालरोगशास्त्र यांचा सामाईक अभ्यासविषय आहे.

मधुमेह आणि हिरड्यांचे विकार यांचा संबंध दुहेरी मानला जातो. रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास जंतुसंसर्गाचा प्रतिकार दुबळा होऊन हिरड्यांचा दाह बळावतो; प्रकार १ मधुमेहात हा परिणाम किशोरवयातच दिसू शकतो. उलट, दीर्घकालीन दाहात निर्माण होणारी इंटरल्युकिन-६ सारखी प्रथिने इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. मात्र यौवनारंभी संप्रेरकांतील बदलांमुळेही हिरड्या सुजतात व इन्सुलिनरोध स्वाभाविकपणे वाढतो. त्यामुळे हिरड्यांतून रक्त येणे हे एकटे मधुमेहाचे लक्षण ठरत नाही.

दंतक्षय व स्थूलता यांमागे साखरयुक्त पेयांसारखे समान कारण असू शकते. दोन्ही एकत्र आढळली, तरी एकामुळे दुसरे उद्भवते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुक्त शर्करेचे प्रमाण दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांहून कमी असावे.