इराण्याच्या मेजावरील निरोप

1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई बंदरातून विलायतेस जाण्याचा मार्ग पुष्कळच सुकर झाला. परंतु ज्या समाजात 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांसारख्यांवरही ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग ओढवला, त्या समाजात परदेशी निघालेल्या मित्राला नाना जातींच्या स्नेह्यांनी एकत्र बसून निरोप द्यावा तरी कोठे? हा प्रश्न पुढे इराण्यांच्या उपाहारगृहांनी मोठ्या अंशी सोडविला. 1904 साली मुंबईच्या धोबीतलावावर स्थापन झालेल्या कयानीसारख्या दुकानांत, संगमरवरी मेजाभोवती, मस्का लावलेला कडक ब्रून पाव चहात बुडवीत, जातीची विचारपूस न होता, अल्प दामात मित्रमंडळींना मनसोक्त बसता येई. वियोगाच्या घटकेला हक्काचे स्थान देणाऱ्या या दुकानांचे ऋण मुंबईने कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.