लघुरूप आणि तडजोड : एका ग्रहणाचा इतिहास

दीर्घ आणि उत्स्फूर्त आविष्कारात वाढलेला कलावंत आटोपशीर, सहज गुणगुणता येईल अशा रूपाकडे वळला, की समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : त्याने तडजोड केली काय? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचीच तपासणी करावयाची आहे.

मैफलीत एकेक गीत दीर्घकाळ फुलविणारा 'फिश' हा अमेरिकन वाद्यवृंद 2004 साली थांबला (2009 मध्ये तो पुन्हा एकत्र आला). त्याचा गिटारवादक ट्रे अनास्टासिओ याने 2005 मध्ये 'शाइन' ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. आखीव, रेडिओस मानवतील अशा गीतांच्या या मुद्रिकेचे स्वागत संमिश्र झाले. तीत काय आहे यापेक्षा काय नाही, याचीच मोजदाद अनेकांनी केली. जुन्या रूपाने घडविलेले अपेक्षांचे क्षितिज नव्या कृतीवर लादले गेले.

हा पेच आपणास परका नाही. 1930 च्या दशकाच्या आरंभी खामगावच्या जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचे 'रानारानांत गेली बाई शीळ' गायिले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत. ख्यालाच्या कसोटीवर अशी रचना तोकडी ठरणार आणि कवितेच्या कसोटीवर ती 'नुसते गाणे' ठरणार, हे उघड होते. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह 1954 मध्ये आला. म्हणजे ही कविता पुस्तकात वाचली जाण्यापूर्वी वीसेक वर्षे कानांवर होती. 'खूणगाठी'ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी सामान्य रसिकाच्या स्मरणात कवी राहिला तो त्या एका शिळेपुरता. लोकप्रियतेने कविता घरोघरी नेली आणि तिच्या पुढील वाचनाची वाट काहीशी अडविलीही.

येथे झाडीपट्टीचा दाखला उपयोगी पडतो. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत रंगते. तेथे प्रवेशाची लांबी संहिता ठरवीत नाही. प्रेक्षक खुलला की उत्स्फूर्त संवाद वाढतो, तो कंटाळला की आवरता घेतला जातो. विस्तार हा कलावंत आणि रसिक यांच्यातील व्यवहार आहे. तो कृतीचा अंगभूत गुण नव्हे.

असे मानल्यास तबकडीने नेमके काय बदलले हे स्पष्ट होते. समोरचा प्रेक्षक नाहीसा झाला. परंतु श्रोता तेच गाणे पुनःपुन्हा ऐकू लागला. कलावंताने करावयाचा विस्तार रसिकाच्या पुनरावृत्तीकडे सरकला. म्हणून लघुरूपास विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : शंभराव्या श्रवणातही ते काही देते काय? अनेक लोकप्रिय गीते या प्रश्नापुढे टिकणार नाहीत, हे मान्य करावयास हवे. 'शाइन'चीही परीक्षा याच प्रश्नाने व्हावी.

आपली नागर समीक्षा मात्र दुहेरी माप वापरीत आली आहे. दंडार लांबली की ती पाल्हाळिक आणि गीत आटोपले की ती तडजोड! ज्या मापाने दोन्ही रूपे उणी ठरतात, त्या मापाचाच इतिहास आधी लिहावयास हवा.