चवदार तळ्याचा ठराव आणि आपली उमेदवारी

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. त्यातला नगरपालिकेचा धडा मात्र विसरतो. बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावरच. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांसोबत आपले लोक पाणी प्यायले आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! पुढे १९३७ पर्यंत न्यायालयात झगडावे लागले.

आज ७३ व्या, ७४ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा आहेत. वयाची अट २१ वर्षे. तरी आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा ऐकतो, "निवडणूक आपलं काम नाही." मग पाणी, गटार, दिवाबत्तीचे ठराव कोण करणार? बांधवांनो, भगिनींनो, यंदा अर्ज भरा. जयभीम!