सणातली उरलेली टर्की आणि चष्म्याचा नंबर

२७ नोव्हेंबर १९८१, शुक्रवार. आदल्याच दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण साजरा झाला होता. न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या थॉमस जे. वॉटसन संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन त्या दिवशी कामावर आले, ते सणाच्या जेवणातून उरलेली टर्की सोबत घेऊन. तिच्या हाडावर आणि कूर्चेवर त्यांनी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील लेसरचे स्पंद सोडले. प्रकाश जिथे पडला तिथे स्वच्छ, सरळ कडांची खाच उमटली. करपल्याची खूण नव्हती आणि भोवतालचे ऊतक जसेच्या तसे होते. पुढे तुलनेसाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर वापरून पाहिला, तेव्हा ऊतकावर काळा, भाजलेला डाग पडला.

आज भारतातल्या कोणत्याही मोठ्या शहरात चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी जी लेसर शस्त्रक्रिया होते, तिच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा त्या दिवसापासून सुरू होतो. हा शोध नेत्रविभागात लागला नाही, तो संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. आणि तो लावणाऱ्या त्रयीतील एक जण मद्रासचा होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ साली मद्रास येथे झाला. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले, १९५६ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९६१ मध्ये आयबीएममध्ये दाखल झाले. प्रकाशाने रेणूंमध्ये घडणारे बदल हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. प्लास्टिकसारख्या बहुवारिकांवर १९३ नॅनोमीटरचे स्पंद सोडले की त्यांचा अत्यंत पातळ थर उडून जातो, हे त्यांच्या गटाला दिसले होते. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगासाठी सूक्ष्म आकृत्या कोरणे हा त्यातला उघड उपयोग. पण प्राण्यांचे ऊतक हेदेखील अखेर कार्बनी रेणूंच्या साखळ्यांचेच बनलेले असते. मग तेही असेच कोरता येईल काय? जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांसह त्यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला.

लेसरने ऊतक कापण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. के. एन. पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला होता आणि शस्त्रक्रियेत त्याचा वापरही सुरू झाला होता. मात्र त्याची १०.६ मायक्रोमीटरची अवरक्त किरणे ऊतकातले पाणी तापवून, उकळवून कापतात. रक्तस्राव थांबवण्याच्या दृष्टीने ही उष्णता उपकारकच ठरते. परंतु डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, ती मानवत नाही. उष्णतेने त्यातील कोलॅजनचे तंतू आकसतात आणि पारदर्शकता नष्ट होते.

१९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे गणित वेगळे आहे. त्याच्या एकेका फोटॉनची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर दोन कार्बन अणूंमधील साधा बंध तोडण्यास साधारण ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. शिवाय प्रथिने हा प्रकाश इतक्या तीव्रतेने शोषून घेतात की तो पारपटलात एक मायक्रॉनही खोल शिरत नाही. त्या अतिपातळ थरातील बंध तुटतात, रेणूंचे तुकडे बाहेर फेकले जातात आणि बहुतांश ऊर्जा त्यांच्यासोबतच निघून जाते. स्पंद काही नॅनोसेकंदांचाच असल्यामुळे खालच्या थराकडे उष्णता पसरण्यास वेळच मिळत नाही. एका स्पंदात पारपटलाचा सुमारे पाव मायक्रॉन जाडीचा थर निघतो. सुरीच्या पात्याने असे काम होणे शक्य नव्हते.

अशा अचूकतेची गरज का होती, हे समजण्यासाठी आणखी मागे जावे लागते. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक वाटा पारपटलाच्या वक्रतेचा असतो. डोळ्याचा गोल या शक्तीच्या मानाने लांब असेल तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. हीच निकटदृष्टिता. पारपटलाचा बाक सर्व दिशांना सारखा नसेल, चेंडूऐवजी चमच्याच्या पाठीसारखा असेल, तर एकाच बिंदूची प्रतिमा ओढल्यासारखी पसरते. हे दृष्टिवैषम्य. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील असा दोष नोंदवला आणि खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ च्या सुमारास स्वतःच्याच डोळ्यासाठी दंडगोल भिंग बनवून घेतले. चष्म्याच्या चिठ्ठीवरचा ‘सिलिंड्रिकल’ नंबर हा त्याच भिंगाचा वारसा आहे.

भिंगाऐवजी पारपटलाचाच बाक बदलण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले आणि त्यातील एक प्रकरण वेदनादायक आहे. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत पारपटलाला बाहेरून आणि आतूनही चिरा देऊन तो सपाट करण्याची पद्धत विकसित केली. सुरुवातीस रुग्णांची दृष्टी सुधारली. पण पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. तो पारपटलातील जादा पाणी सतत बाहेर टाकून त्याला पारदर्शक ठेवतो आणि माणसात त्याची पुरेशी पुनर्निर्मिती होत नाही. या थराचे महत्त्व तेव्हा उमगलेले नव्हते. आतून दिलेल्या चिरांनी तो जखमी झाला आणि वर्षानुवर्षांनंतर अनेक रुग्णांचे पारपटल सुजून धूसर झाले. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा निर्वाळा फार लवकर दिला गेला होता.

मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात केवळ बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. ती अमेरिकेतही पोहोचली. तेथे रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर किंवा अधिक उलट दिशेला, म्हणजे दूरदृष्टितेकडे सरकल्याचे आढळले. खोल चिरांनी पारपटलाचा कणाच कमकुवत केला होता. तिकडे कोलंबियातील बोगोटा येथे होसे इग्नासियो बाराकेर यांनी १९४९ पासून वेगळा विचार मांडला होता: चिरा देण्याऐवजी पारपटलातील ऊतकच काढून त्याला नवा आकार द्यावा. त्यासाठी ते पारपटलाची चकती कापून गोठवत, लेथवर भिंगासारखी घडवत आणि पुन्हा डोळ्यावर शिवत. तत्त्व अचूक होते, पण हत्यार अवघड होते.

ते हत्यार यॉर्कटाउन हाइट्समध्ये तयार होते. एक्सायमर लेसरचा पारपटलाच्या वरच्या थरावर होणारा परिणाम जॉन ताबोआदा आणि सहकाऱ्यांनी २४८ नॅनोमीटरचा लेसर वापरून १९८१ मध्येच नोंदवला होता. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल श्रीनिवासन यांच्याकडे आले. दोघांनी बोडिल ब्रॅरेन यांच्यासह प्राण्यांच्या डोळ्यांवर १९३ नॅनोमीटरचे प्रयोग केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचा निबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झाला.

प्रयोगशाळेतून माणसापर्यंतचा प्रवास मात्र सावधपणे झाला. १९८५ मध्ये बर्लिन येथे थिओ सायलर यांनी हा लेसर मानवी डोळ्यावर प्रथम वापरला. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्गरेट मॅक्डोनल्ड यांनी दिसणाऱ्या डोळ्यावर पहिल्यांदा पारपटलाचा पृष्ठभाग लेसरने घडवला. तो डोळा एका कर्करोगग्रस्त महिलेचा होता. गाठीमुळे तो लवकरच काढावा लागणार होता आणि तत्पूर्वी त्यावर प्रयोग करण्यास तिने स्वतः संमती दिली. जखम कशी भरते, पारदर्शकता टिकते काय, या प्रश्नांची पहिली खात्रीशीर उत्तरे त्या डोळ्याने दिली. स्वतःला काहीही लाभ होणार नाही हे ठाऊक असताना दिलेले ते दान होते.

त्याच वर्षी चार्ल्स मनर्लिन आणि सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियेचे मूळ समीकरण प्रसिद्ध केले. त्याचे सोपे रूप असे: ज्या वर्तुळात पारपटल घडवायचा त्याच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करावा, त्याला नंबराने गुणावे आणि तीनने भागावे. उत्तर मिळते ते मध्यभागी काढाव्या लागणाऱ्या ऊतकाची मायक्रॉनमधील खोली. व्यास ६ मिलिमीटर आणि नंबर उणे ३ असेल तर ३६ मायक्रॉन, म्हणजे सुमारे दीडशे स्पंद. दृष्टिवैषम्य असेल तर हेच काम एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी करायचे. व्यास लहान ठेवला तर ऊतक वाचते, पण अंधारात बाहुली मोठी झाली की घडवलेल्या भागाच्या कडेवरून प्रकाश आत शिरतो आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. सुरुवातीच्या रुग्णांनी रात्री वाहन चालवताना याचा अनुभव घेतला.

पृष्ठभाग घडवण्याच्या या पद्धतीत बाहेरचा नाजूक थर आधी काढावा लागतो. तो भरून येईपर्यंत काही दिवस वेदना होतात आणि क्वचित धूसरपणा राहतो. यावर उपाय म्हणून १९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस आणि इटलीत लुचिओ बुरात्तो यांनी बाराकेर यांची चकती आणि श्रीनिवासन यांचा प्रकाश एकत्र आणला. पारपटलाची पातळ झडप उचलायची, आतला भाग लेसरने घडवायचा आणि झडप परत बसवायची. हीच ‘लॅसिक’. दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागणे या एका गोष्टीने ती जगभर लोकप्रिय झाली.

तिची मर्यादाही साध्या बेरीज-वजाबाकीत दिसते. मध्यभागी पारपटल साधारण ५४० मायक्रॉन जाड असते. झडपेचे ११० आणि उणे १० नंबरासाठी १२० मायक्रॉन वजा केले तर ३१० उरतात. पारपटल मुळात ४८० मायक्रॉनचेच असेल तर २५० उरतात, आणि नेमकी हीच संख्या किमान सुरक्षित मानली जात आली आहे. याहून पातळ अथवा आधीच कमकुवत पारपटल डोळ्याच्या आतील दाबाने हळूहळू पुढे फुगू शकते. लॅसिकनंतरचा हा विकार १९९८ मध्ये सायलर यांनीच नोंदवला. म्हणून तपासणीनंतर ‘तुमच्यासाठी ही शस्त्रक्रिया योग्य नाही’ असे सांगणारा डॉक्टर रुग्णाचे नुकसान करत नसतो. सातो यांच्या रुग्णांना असे सांगणारे कोणी भेटले नव्हते.

पुढचा टप्पाही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतूनच आला. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात एका संशोधक विद्यार्थ्याच्या डोळ्यात फेम्टोसेकंद लेसरचा झोत अपघाताने गेला. त्याला तपासणारे तरुण डॉक्टर रॉन कुर्ट्झ यांना दृष्टिपटलावरच्या जखमा विलक्षण सूक्ष्म आणि नेटक्या दिसल्या. त्यांनी आणि तिबोर युहास यांनी या लेसरला पारपटल कापण्याचे साधन बनवले. अशा अतिलघु, तीव्र स्पंदांमागील तंत्र १९८५ मध्ये जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी विकसित केले होते. त्यासाठी त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या लेसरने झडप न उचलताच पारपटलाच्या आत एक भिंगासारखी चकती कापून ती काही मिलिमीटरच्या छेदातून काढण्याची ‘स्माइल’ पद्धत जर्मनीत वाल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लम यांनी विकसित केली. तिचे सुरुवातीचे प्रकाशित निष्कर्ष ज्यांच्याकडून आले त्यांत वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ मधील निबंध आहे.

श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांनी डिसेंबर १९८२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. ते नोव्हेंबर १९८८ मध्ये मिळाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक त्रयीला प्रदान झाले. ज्या मद्रासमध्ये श्रीनिवासन शिकले, त्या चेन्नईत आज ही शस्त्रक्रिया नित्याची आहे. त्यासाठीची यंत्रे बनवणारे प्रमुख उत्पादक मात्र अमेरिका, जर्मनी, जपान आणि स्वित्झर्लंडमधले आहेत. बुद्धी इथून गेली आणि तिचे फळ यंत्राच्या रूपाने परत आले. चिप कोरण्यासाठी प्लास्टिक जाळता-जाळता हाडावर प्रयोग करण्याची मोकळीक ज्या प्रयोगशाळा देतात, त्या उभारण्याचा प्रश्न आपल्यापुढे अजूनही आहे.

आणखी एक गोष्ट या इतिहासातून घेण्यासारखी आहे. दिल्लीतील शाळकरी मुलांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता आढळली. यांतील अनेक जण मोठेपणी लेसरचा पर्याय निवडतील. त्यांचा चष्मा जाईल, पण डोळ्याचा लांबलेला गोल तसाच राहील. लेसर पारपटलाचा बाक बदलतो, ताणल्या गेलेल्या दृष्टिपटलाला तो स्पर्शही करत नाही. मोठा नंबर असणाऱ्यांना दृष्टिपटल सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीइतकाच असतो. चष्मा उतरल्यावरही वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा लागतो, तो याच कारणासाठी.