अभंगातून मिळालेला धीर

वाचकहो, आपल्या शेजारी एखादे दुःख घडले म्हणजे आपण काय करतो? जाऊन बसतो. फारसे बोलत नाही. आणि बोललोच तर पुस्तकी भाषा वापरत नाही. 'असं कसं झालं हो' एवढेच म्हणतो. सांत्वनाची भाषा नेहमी घरची असते. परक्या शब्दांनी डोळ्यांतले पाणी पुसले जात नाही. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून आपण आज मराठी ख्रिस्ती गीतांच्या इतिहासाकडे वळू.

आरंभ गोव्यात होतो. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेजुइट पाद्री गोव्याला आला आणि १६१९ साली त्याचा अंत होईपर्यंत तिथेच राहिला. साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांमध्ये त्याचे आयुष्य गेले. या लोकांची अडचण मोठी विचित्र होती. धर्म बदलला, पण त्याबरोबर घरातली जुनी पुराणेही गेली. संध्याकाळी चार माणसे जमली तर वाचायचे काय? ऐकायचे काय? लॅटिन प्रार्थना कानावर पडत, पण मनात उतरत नसत. स्टीफन्सने ही पोकळी ओळखली आणि ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. लिपी रोमन, भाषा मात्र मराठी, आणि छंद आपल्या ज्ञानेश्वरांचा, म्हणजे ओवी. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पाद्री परदेशचा, कथा यहुदी देशातली, आणि सांगण्याची रीत मात्र आपल्या पुराणिकाची! पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला, तरी हे पुराण मेले नाही. हस्तलिखितांच्या रूपाने ते कारवार-मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत जपले गेले आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले. लोक एवढ्या आस्थेने नकलून ठेवतात ते काही केवळ विद्वत्तेसाठी नव्हे. ज्यातून आधार मिळतो तेच माणूस जपून ठेवतो.

आता दोनशे वर्षे ओलांडून देशावर येऊ. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि १८३१ पासून त्यांचे काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले. शाळा निघाल्या, १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र निघाले, उपासना सुरू झाल्या. पण गायचे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. सुरुवातीला इंग्रजी गीतांची भाषांतरे झाली आणि ती विलायती चालींवर म्हटली जाऊ लागली. यात एक मोठी गोम होती. इंग्रजी चालीत ठोका पडतो तो शब्दातल्या आघातावर. आपल्या पद्याचा तोल ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर. त्यामुळे चाल जिथे लांबवायची तिथे नेमके ऱ्हस्व अक्षर यायचे, आणि साधा शब्दही ओढून ताणून परका वाटायचा. अर्थ बरोबर, पण सूर पाहुण्याचा!

आणि गाणारे कोण होते? नगर जिल्ह्यातले पुष्कळसे ख्रिस्ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले होते. गरिबी आणि दुष्काळ पाचवीला पुजलेले. १८७६ ते ७८चा दुष्काळ त्यांनी भोगला, आणि शतक संपता संपता आणखी दोन. अक्षरओळख थोड्यांनाच, पण एकतारीवरचे भजन त्यांच्या रक्तात होते. अशा माणसांना धीर द्यायचा तर तो टाळाच्या साथीनेच द्यायला हवा होता. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी हे जाणले. त्यांनी पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तन आणि प्रवचन यांतला फरक आपल्याला सांगायला नको. प्रवचनात एक बोलतो, बाकीचे गप्प बसतात. कीर्तनात श्रोत्यालाही काम असते. धृपद त्याने उचलायचे असते. उधळ्या पुत्राची गोष्ट आख्यान म्हणून लावली, आणि बाप परतलेल्या मुलाला पोटाशी धरतो तिथे मृदंग थांबला, की ऐकणाऱ्याला वेगळे विवरण कशाला लागते?

या परंपरेला खरा कवी लाभला तो नारायण वामन टिळकांच्या रूपाने. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आकाश कोसळले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या दिवसांची वेदना ठाऊक आहे. टिळकांनी दीक्षा घेतली, पण तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे ते चार चरण त्यांनी उचलले आणि त्यांत आपल्या प्रभूला मित्र, गुरू, आई म्हणून हाका मारल्या. नगरच्या खेड्यातल्या अडाणी म्हातारीला हे भजन एकदा ऐकून पाठ होई. का? कारण चाल तिला आधीच येत होती.

गंमत पाहा, पुढे निकोल मॅक्निकल यांनी टिळकांची काही भजने इंग्रजीत नेली आणि ती विलायतेतल्या गीतसंग्रहांत गेली. जिथून गाणी उसनी आणली होती, तिथेच आपले गाणे परतफेड म्हणून गेले!

टिळक १९१९ साली वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने या धर्मांतरापायी संसार मोडलेला पाहिला, तिनेच पतीचे काव्य हाती घेतले, यात सारे आले.

एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, 'सर, मग अभंग नेमका कोणाचा?' मी म्हटले, 'अरे, विहीर कोणी खणली हे विसरू नये. पण तहानलेल्याला पोहरा सोडताना अडवूही नये.' वाचकहो, तुमच्या गावात ख्रिस्ती भजन कानी पडले तर क्षणभर थांबून ऐका. शब्दांतली श्रद्धा तुमची नसेल कदाचित. पण त्यातला सूर तुमच्या ओळखीचा निघेल.