ल प्वी ते कोंक : फ्रान्समधील एक जुनी यात्रावाट

फ्रान्स देशाचें नांव निघालें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक तर पॅरिस शहर उभें राहतें, नाहीं तर लूर्दची गुहा. ह्या स्मरणिकेसाठीं इतिहासविषयक लेख लिहावयाचा असें ठरलें, तेव्हां हीं दोन्ही स्थळें बाजूस ठेवून त्या देशाच्या दक्षिण-मध्य डोंगराळ भागांतील एका पाऊलवाटेची हकीकत वाचकांस सांगावी असें मला वाटलें. ही वाट ल प्वी ह्या बिशपनगरींतून निघते व सुमारें २०० किलोमीटर चालून कोंक नांवाच्या खेड्यांत उतरते. पायीं जाणारास दहा दिवस लागतात. वाट तेथेंच संपत नाहीं. ती पुढें पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमधील सांतियागो येथें प्रेषित संत याकोबाच्या कबरीपर्यंत जाते. वसईकडील आगाशीचें चर्च ह्याच प्रेषिताच्या नांवाचें आहे, हें आपल्या लोकांस ठाऊकच आहे. पंढरीची पायीं वारी ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे, त्यांस शेंकडों कोस चालत जाण्यामागील ओढ वेगळी समजावून सांगावयास नको.

ल प्वी हें गांव जुन्या ज्वालामुखीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. येथील बिशप गोदेस्काल्क इ. स. ९५० मध्यें मोठा परिवार घेऊन सांतियागोस निघाले. फ्रान्समधून तेथें गेलेल्या व ज्यांचें नांव इतिहासास ठाऊक आहे अशा पहिल्या यात्रेकरूंपैकीं ते एक होत. त्यांची ही यात्रा आपणांस कळते ती एका पुस्तकामुळें. वाटेंत स्पेनमधील आल्बेल्दा येथील मठांत ते थांबले व पवित्र मरियेच्या कौमार्याविषयीं संत इल्देफोन्सुस ह्यांनीं लिहिलेल्या ग्रंथाची नक्कल त्यांनीं तेथील एका मठवासीयाकडून करवून घेतली. त्या नकलाकारानें प्रारंभीं बिशपमहाराजांच्या आगमनाचा वृत्तांत लिहून ठेविला. इतक्या लांबच्या प्रवासांतून सोनेंनाणें न आणतां पोथी आणणारा हा बिशप मला फार आवडतो.

त्यांच्याच कारकीर्दींत, ९६२ च्या सुमारास, गांवाजवळच्या एका उभ्या सुळक्याच्या माथ्यावर महादूत संत मिखाएल ह्यांचें चॅपेल उभें राहिलें. सुळका सुमारें ८२ मीटर उंच असून खडकांत खोदलेल्या २६८ पायऱ्या चढून वर जावें लागतें. मूळच्या खडकाच्या आकारावरच भिंती बसविल्यामुळें त्या चॅपेलची एकहि बाजू धड सरळ नाहीं. शेजारच्या दुसऱ्या टेकडीवर १८६० मध्यें मातेची एक अवाढव्य मूर्ति उभारण्यांत आली. सेबास्तोपोलच्या वेढ्यांत शत्रूकडून घेतलेल्या २१३ तोफांचें लोखंड वितळवून ती ओतली आहे. भाविकांची भावना मी मान्य करितों. पण रुचीचा प्रश्न विचाराल तर मी त्या लहान वांकड्या चॅपेलकडेच जाईन. कॅथेड्रलमधील प्राचीन काळी माता मात्र आतां राहिलेली नाहीं. १७९४ मध्यें क्रांतिकारकांनीं ती चव्हाट्यावर जाळली, आणि आज वेदीवर आहे ती नंतरची मूर्ति आहे.

ल प्वी सोडल्यावर वाट मसुरीच्या शेतांतून आलिए नदीच्या खोल दरींत उतरते व पुढें मार्जरीदच्या ग्रॅनाइटी डोंगरांवर चढते. सोग गांवाच्या आसपासचा हा मुलूख १७६४ ते १७६७ ह्या काळांत एका हिंस्र श्वापदामुळें साऱ्या युरोपांत गाजला. त्या ‘जेव्होदांच्या पशू’नें सुमारें शंभर माणसें मारलीं, त्यांत गुरें राखणारीं मुलें व स्त्रियाच अधिक. मांदच्या बिशपांनीं पत्रक काढून हा पशु म्हणजे देवानें पापांबद्दल पाठविलेला चाबूक आहे असें सांगितलें. अखेर जां शास्तेल नांवाच्या स्थानिक शिकाऱ्यानें १९ जून १७६७ रोजीं एक मोठें श्वापद मारलें व बळी थांबले. ज्यांचीं लेंकरें रानांत फाडलीं गेलीं होतीं, त्या आईबापांस तें पत्रक ऐकून काय वाटलें असेल, हा विचार धर्मोपदेश करणाऱ्या प्रत्येकानें करण्यासारखा आहे.

ह्यानंतर ओब्राकचें पठार लागतें. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच, जवळजवळ वृक्षहीन, मैलोगणती गवत, दगडी कुंपणें, आणि मे महिन्याच्या अखेरीस खालच्या गोठ्यांतून वर आणलेल्या पिंगट गाई. उन्हाळ्यांत हें स्थळ रम्य खरें, परंतु धुकें उतरलें किंवा बर्फ पडूं लागला म्हणजे दहा पावलांवरील माणूस दिसत नाहीं. आदालार नांवाचा एक फ्लेमिश सरदार येथें वाट चुकून मरणाच्या दारीं पोहोंचला होता व त्यानें नवस केला होता अशी परंपरा आहे. इतकें निश्चित कीं, सुमारें ११२० मध्यें त्यानें ह्या निर्जन जागीं यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा व रुग्णालय स्थापिलें. धुक्याच्या व वादळाच्या रात्रीं तेथील मठवासी एक घंटा सतत वाजवीत. तिला ‘वाट चुकलेल्यांची घंटा’ म्हणत. दिसत नसेल त्यानें ऐकून यावें, एवढाच तिचा अर्थ. क्रांतीच्या काळीं ही संस्था मोडली. चर्च, एक बुरूज व कांहीं इमारती तेवढ्या उरल्या आहेत.

पठारावरून वाट लो नदीच्या खोऱ्यांत उतरते. एस्पालियों व एस्तें येथील जुने पूल, द्राक्षांचे उतार, चेस्टनटचीं झाडें, सारें पाहण्यासारखें आहे. परंतु आपणांस कोंकला पोहोंचावयाचें आहे.

कोंक हें नांव शिंपला ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलें. दूर्दू नदीस ऊश ओढा जेथें मिळतो, तेथें शिंपल्यासारख्या वांकलेल्या डोंगरकुशींत गांव चिकटलेला आहे. खोल गेलेल्या दगडी वाटेनें उतरतांना शेवटच्या क्षणापर्यंत कांहींच दिसत नाहीं, आणि मग एकदम पाटीच्या दगडांचीं छपरें व त्यांमध्यें न शोभण्याइतकें मोठें चर्च समोर येतें. एवढ्याशा खेड्यांत एवढें चर्च कसें आलें? उत्तर थोडें लाजिरवाणें आहे. तें चोरीमुळें आलें.

नवव्या शतकांत येथें एक गरीब मठ होता. जागा अडचणीची, जमीन थोडी. त्यांत फार दूर नसलेल्या फिजाक येथें राजाश्रयानें दुसरा मठ निघाला व कोंकचें अस्तित्वच धोक्यांत आलें. ज्या मठांत मोठ्या संताचे अवशेष नाहींत तेथें यात्रेकरू येत नसत, आणि यात्रेकरू नाहींत तर अन्न नाहीं. तेव्हां मठवासीयांची नजर आजें शहराकडे वळली. तेथें संत फ्वा ह्या बालिकेची कबर होती. तिच्या नांवाचा अर्थच श्रद्धा. रोमन छळाच्या काळीं, परंपरेप्रमाणें ३०३ मध्यें, बारा-तेरा वर्षांच्या ह्या मुलीनें देवतांस बळी देण्याचें नाकारून प्राण दिला. मठाच्याच जुन्या वृत्तांतांत असें लिहिलें आहे कीं, आरिविस्कुस नांवाचा कोंकचा मठवासी ओळख लपवून आजेंला गेला, दहा वर्षें तेथील धर्मगुरूंत राहिला, त्यांचा विश्वास संपादून कबरीचा राखणदार झाला, आणि प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशीं सर्वजण पंक्तीस बसले असतां कबर फोडून अवशेष घेऊन पळाला. ८६६ च्या सुमारास ते कोंकला पोहोंचले.

वृत्तांतकार ह्यास ‘पवित्र स्थलांतर’ म्हणतो. संतानेंच तसें इच्छिलें नसतें तर तें घडलेंच नसतें, असा त्याचा युक्तिवाद. तो मला पटत नाहीं. दहा वर्षें एका ताटांत जेवून केलेला विश्वासघात हा सातव्या आज्ञेचा भंगच होय, मग चोरलेली वस्तु कितीहि पवित्र असो. आजेंच्या लोकांनीं तो दिवस कसा काढला, हें त्या वृत्तांतांत शोधून सापडत नाहीं. परंतु त्याच चोरीच्या पोटीं पुढें जें निपजलें तेंहि खोटें म्हणतां येत नाहीं. इतिहास वाचतांना अशी अडचण वारंवार येते.

संताची कवटी ठेवण्यासाठीं सोन्यानें मढविलेली एक आसनस्थ मूर्ति घडविण्यांत आली. ती सुमारें ८५ सेंटिमीटर उंच असून आंतील गाभा लांकडाचा आहे. मुखवटा मात्र त्याहून पुष्कळ जुना, रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळांतील एका पुरुषी शिराचा आहे. अंगावर भक्तांनीं वाहिलेलीं रत्नें, त्यांत रोमन कोरीव खडेहि. १०१३ मध्यें आंजेर येथील विद्यालयाचा पंडित बेर्नार येथें आला, तेव्हां लोक ह्या मूर्तीपुढें लोटांगण घालीत आहेत हें पाहून त्यानें सोबत्याकडे वळून हंसून थट्टा केली. हें तर ज्युपिटरचें पूजन, असें त्यास वाटलें. नंतर त्याचें मत पालटलें, व संत फ्वाच्या चमत्कारांचें पुस्तक त्यानेंच लिहावयास घेतलें. त्यांतील संत लहान मुलीसारखी हट्टी आहे. तुलूझच्या काउंटची पत्नी आर्सेंद हिच्या हातांतील सोन्याचीं कांकणें तिला हवीं असतात आणि ती तीं मिळवितेच. गांवकरी अशा गोष्टींस संताचे खेळ म्हणत. तुरुंगांतून सुटलेले कैदी आपल्या बेड्या तिच्यापाशीं आणून टांगीत. गाभाऱ्याभोंवतींची लोखंडी जाळी त्याच बेड्यांची केली आहे अशी परंपरा आहे.

अकराव्या शतकाच्या मध्यापासून आजचें चर्च बांधलें गेलें. पश्चिम दारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरलेला असून त्यांत १२४ आकृति आहेत. प्रभूच्या उजव्या हाताला स्वर्ग, शांत व रांगेंत. डाव्या हाताला नरक, सारा गोंधळ. त्या नरकांत थैली गळ्यांत घालून लटकलेला कंजूष आहे, घोड्यावरून उलटा पडणारा गर्विष्ठ सरदार आहे, आणि जाळ्यांत सांपडलेले मठाधिपति व धर्माधिकारीहि आहेत. ज्या मठानें पैसा दिला त्याच मठाच्या दारावर हें कोरूं दिलें गेलें. स्वर्गाच्या बाजूस एका कोपऱ्यांत संत फ्वा प्रभूच्या हातापुढें वांकलेली असून तिच्यामागें त्या बेड्या टांगलेल्या दिसतात.

१५६८ मध्यें धर्मयुद्धांत चर्चला आग लागली. संताचे अवशेष कोणीं तरी भिंतींत चिणून ठेविले व तें स्थळ विसरलें गेलें; ते १८७५ मध्यें दुरुस्ती चालली असतां सांपडले. त्याहून मोठें संकट क्रांतीचें. सर्व देशांत चर्चचें सोनें-चांदी वितळविण्यासाठीं जप्त होऊं लागलें. कोंकच्या गांवकऱ्यांनीं सरकारी माणसें पोहोंचण्यापूर्वीं खजिना आपसांत वांटून घेतला, बागांत पुरला, चेस्टनट वाळविण्याच्या खोपटांत लपविला. पुढें भय टळल्यावर जो तो आपापली वस्तु घेऊन आला. सोन्याची मूर्ति अशा रीतीनें वांचली. भुकेचे दिवस होते, ठेवणारे शेतकरी गरीब होते, आणि फ्रान्समधील मध्ययुगीन सुवर्णकामाचा असा दुसरा संग्रह क्वचितच उरला आहे.

इमारत मात्र कोसळण्याच्या बेतास आली होती. ऐतिहासिक स्मारकांचे निरीक्षक, कथालेखक प्रोस्पेर मेरिमे १८३७ मध्यें तेथें गेले व ओसाड मुलुखांत अशी संपत्ति पाहून थक्क झाले. त्यांच्या अहवालामुळें दुरुस्ती झाली. १८७३ मध्यें प्रेमोंत्रे संघाचे धर्मगुरु आले. १९९४ मध्यें चित्रकार पिएर सूलाज ह्यांनीं चर्चला १०४ नव्या कांचखिडक्या दिल्या. जवळच्या रोदेझ येथें जन्मलेल्या सूलाज ह्यांना लहानपणीं ह्याच चर्चमध्यें आपण कलेसच वाहून घ्यावें असें वाटलें होतें. त्यांच्या कांचांत चित्र नाहीं, रंग नाहीं. नुसता पांढरा प्रकाश व काळ्या रेषा. प्रथम पुष्कळांस त्या रुचल्या नाहींत. सकाळच्या व सायंकाळच्या उन्हांत भिंतींचा रंग कसा पालटतो तें पाहिल्यावर माझा तरी आक्षेप राहिला नाहीं.

यात्रा ओसरल्यामुळें ही वाट शतकानुशतकें जवळजवळ मोडली होती. १९७० नंतर फ्रान्समधील पदभ्रमण संघटनेनें झाडांवर व दगडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या रंगवून ती पुन्हां आंखली. १९९८ मध्यें तिचे कांहीं भाग, कोंकचें चर्च व गांवाखालील जुना पूल जागतिक वारशांत समाविष्ट झाले. आज चालणारांत श्रद्धाळू असतात तसे केवळ हवापालटासाठीं आलेलेहि असतात, व धर्मशाळेंत दोघांसहि एकच रस्सा वाढला जातो. सकाळीं ते पूल ओलांडून समोरच्या खड्या चढणीला लागतात. अर्ध्या वाटेवर संत फ्वाचें एक लहानसें चॅपेल आहे व तेथें घंटा आहे. चढून दमलेला वाटसरू दोर ओढतो, आणि दरीच्या पलीकडे खालीं कोंकमध्यें तो आवाज ऐकूं जातो.